बियाणे-औषध कंपनीच्या फिल्ड टीमला संवादाचं प्रशिक्षण: काय शिकवावं, कसं शिकवावं?

गोदाकाठ

परभणी, हिंगोली, नांदेड असे तीन जिल्हे. ११ जणांची टीम: ७ सेल्स ऑफिसर, ४ फिल्ड असिस्टंट. माल म्हणजे सोयाबीन-हरभऱ्याचं बियाणं आणि कीटकनाशकं-बुरशीनाशकं. प्रशिक्षणासाठी फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच काळ मोकळा मिळतो. मे महिन्यात दुकानात माल लावायला सुरुवात झाली की कुणी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नसतं.

एका संस्थेचा प्रस्ताव आला आहे. हॉटेलात एक दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. विषय: देहबोली, आत्मविश्वास, इंग्रजी संभाषण, 'डील क्लोज कशी करावी'. टीमची दुखणी मात्र वेगळी आहेत. एकाच औषधाचा डोस तिघं तीन तऱ्हेने सांगतात. दुकानदाराला 'परवा माल येतो' असा शब्द दिला जातो आणि डेपोला त्याचा पत्ताच नसतो. एकाला जिंतूरच्या बाजूला कळलेली गोष्ट दुसऱ्याला वसमतला आठ दिवसांनी कळते, तीही दुकानदाराकडून.

हा एक दिवस घ्यावा का? नाही तर काय करावं? जाणकारांनी नेमकं सांगावं.

तिफण

घेऊ नका. पैसे जातील हा मुद्दा दुय्यम आहे. 'प्रशिक्षण झालं' असा शेरा बसतो आणि पुढे वर्षभर कुणी त्या विषयाला हात लावत नाही, ते जास्त महागात पडतं.

अशा कार्यक्रमात हमखास एक स्लाइड असते: संवादात शब्द फक्त ७ टक्के, सूर ३८ आणि देहबोली ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांचा प्रश्न अगदी मर्यादित होता. बोलणाऱ्याचे शब्द एक सांगतात आणि चेहरा-सूर दुसरंच सांगतो, तेव्हा त्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे हे ऐकणारा कशावरून ताडतो, एवढंच त्यात तपासलं होतं. औषधाचा डोस, उधारीची तारीख, लॉट नंबर (एकत्र तयार झालेल्या मालाचा पिशवीवरचा क्रमांक) या गोष्टी १०० टक्के शब्दांतच सांगाव्या लागतात. ज्या प्रशिक्षकाच्या पहिल्या पाच स्लाइडमध्ये हे आकडे दिसतील त्याला तिथेच नमस्कार करा.

दुसरं कारण विसरण्याचं. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच बरंचसं निसटतं आणि अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. म्हणून एका दिवसाचे नऊ तास घेण्यापेक्षा आठ आठवडे, आठवड्याला दीड तास. विषय आठवड्याला एकच. बाजाराचा दिवस सोडून वार ठरवा. तालुक्याचा आठवडी बाजार असेल त्या दिवशी दुकानात गर्दी असते, तेव्हा माणूस तिथेच हवा.

दीड तासाची विभागणी अशी: १५ मिनिटं मागच्या आठवड्यात ठरलेलं प्रत्यक्षात झालं का ते, २० मिनिटं नवीन एक कौशल्य, ४२ मिनिटं सराव, उरलेला वेळ प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात कोणत्या दुकानात काय करून पाहायचं हे लिहायला. सरावाचा वेळ कापून भाषणाला देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा.

हिशेबाची_वही

त्याआधी एक पायरी आहे. कुणाचं नेमकं कुठे अडतं ते पाहिल्याशिवाय विषय ठरवू नका.

एरिया मॅनेजरने प्रत्येकासोबत एक पूर्ण दिवस फिरायचं. चार-पाच दुकानं, तीन-चार शेतकरी. सोबत फिरताना मध्ये बोलायचं नाही, हीच अवघड अट. दुकानदाराने थेट साहेबालाच विचारलं तरी 'हे सांगतील' म्हणून बोट प्रतिनिधीकडे. हातात एक कागद, त्यावर प्रत्येक भेटीसाठी सहा गोष्टी: पहिला प्रश्न कोणता विचारला, समोरच्याला मध्येच किती वेळा तोडलं, समोरचा स्वतःहून काय बोलला आणि ते प्रतिनिधीने पकडलं की सोडलं, कोणता आकडा किंवा तारीख सांगितली, निघताना काय ठरलं, ते मोठ्याने परत म्हटलं का.

शेवटचा रकाना बहुतेकांचा कोरा निघतो. भेट 'बरं मग, बघू, येतो पुन्हा' वर संपते. दुकानदाराने ऐकलेलं असतं ५० पिशव्या, लिहिलेल्या असतात ३०.

शेरे मारू नका, वाक्यं लिहा. 'ऐकण्याची वृत्ती कमी' हा शेरा झाला. 'दुकानदार म्हणाला, गेल्या साली उगवण कमी आली. उत्तरात नवीन स्कीम सांगितली' हे निरीक्षण झालं. पहिल्यावर माणूस चिडतो, दुसऱ्यावर विचार करतो.

मांजराकाठ

डोसच्या गोंधळावर लिहितो, कारण यात टीमने एका सुरात बोलणं म्हणजे काय ते सगळ्यात स्पष्ट दिसतं.

गडबड एककाची आहे. शिफारशी येतात 'प्रति १० लिटर पाणी' किंवा 'प्रति हेक्टर' अशा. दुकानात बोललं जातं 'पंपाला'. आणि पंप? कुणाचा १५ लिटरचा, कुणाचा १६, कुणाचा २०. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) घ्या. शिफारस हेक्टरी २२० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यात, म्हणजे १० लिटरला ४.४ ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ६.६ ग्रॅम, २० लिटरच्याला ८.८. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर एकरी साधारण ८८ ग्रॅम.

आता टीममधला एकजण घाईत सांगतो, 'पंपाला ५ ग्रॅम टाका.' शेतकरी एकरात १५ लिटरचे ८ पंपच मारतो. एकरी गेलं ४० ग्रॅम, निम्म्याहून कमी. अळी मरत नाही, 'औषधात दम नाही' अशी गावभर चर्चा होते. पुढच्या आठवड्यात दुसरा प्रतिनिधी 'पंपाला १०' म्हणतो. दुकानदार दोघांचंही ऐकून स्वतःचा तिसरा डोस सांगायला लागतो. बरोबर डोस पाठ असून भागत नाही हेही इथेच दिसतं. पंपाला ६.६ अचूक सांगितले तरी आठच पंप मारल्यावर एकरी ५३ ग्रॅमच पडतात.

म्हणून टीमने ठरवायचं की आपण सगळे एकरी मात्रा आधी सांगणार आणि मग पंपात भाग पाडून देणार. त्यासाठी विचारायचे प्रश्न दोनच: 'पंप किती लिटरचा?' आणि 'एकराला किती पंप लागतात?' लागणारे पंप आठच असतील तर आधी पाणी वाढवायला सांगायचं, कारण झाड नीट भिजलंच पाहिजे. पॉवर स्प्रेअरवाल्याचं पाणी एकरी कमीच जातं, तिथे तर 'पंपाला इतकं' हा हिशेब हमखास फसतो.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कुणी शिकवत नाही. सांगून झालं की शेतकऱ्याकडून परत वदवून घ्यायचं. 'कळलं का?' असं नाही. त्याला सगळेच 'हाव' म्हणतात. 'मग काका, उद्या सकाळी टाकी भरताना किती टाकणार?' असं विचारायचं. उत्तर चुकलं तर 'माझ्याच सांगण्यात राहिलं' म्हणून पुन्हा सांगायचं.

एका बैठकीत टीमच्या मुख्य १० उत्पादनांचा असा तक्ता बनवा: पीक, कीड किंवा रोग, एकरी मात्रा, पाणी, फवारणी ते काढणी किती दिवसांचं अंतर, डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग. लेबलवर जे पीक नाही ते तक्त्यातही नाही आणि तोंडीही नाही. कंपनीचा माणूस 'लेबलवर नाही, पण चालतंय' म्हणाला की पुढची सगळी जबाबदारी त्याच्या गळ्यात.

दुधना_किनारा

+१. त्रिकोणाचे रंग तोंडपाठ हवेत: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. 'हिरवा म्हणजे सेंद्रिय' असं सांगणारे विक्रेते आजही भेटतात.

गोदाकाठ

मांजराकाठ, तक्त्याचं काम लगेच घेतो. तिफण, सरावाची अडचण सांगतो. नाटकासारखा प्रसंग करायला सांगितला की लोक हसण्यावारी नेतात. शिवाय टीममध्ये वीस वर्षं काढलेले लोक आहेत. नवख्या पोराने त्यांना सूचना करायची म्हणजे वातावरण बिघडतं.

तिफण

हसू येतं कारण सगळ्यांसमोर एक जोडी उभी केली जाते आणि बाकीचे प्रेक्षक होतात. प्रेक्षकच ठेवू नका. तिघातिघांचे गट करा: एक प्रतिनिधी, एक दुकानदार, एक निरीक्षक. तुमचे ११ आणि एरिया मॅनेजर धरून १२, म्हणजे चार गट एकाच वेळी चालू. ४ मिनिटं संवाद, ३ मिनिटं चर्चा, मग भूमिका बदल. तीन फेऱ्यांचे २१ मिनिटं, असे दोन प्रसंग म्हणजे वर म्हटलेली ४२ मिनिटं.

दुकानदार झालेल्याला चिठ्ठी द्यायची आणि तिच्यात दोन ओळी हव्यात. वरची ओळ तोंडाने सांगायची: 'दुसरी कंपनी २ टक्के जास्त देतेय.' खालची ओळ लपवायची: 'खरी अडचण म्हणजे मागच्या खरिपाची क्रेडिट नोट (कंपनीने खात्यात जमा द्यायच्या रकमेची चिठ्ठी) अजून आलेली नाही.' समोरच्याने नीट प्रश्न विचारले तरच खालची ओळ उघडायची. बहुतेक जण वरच्या ओळीशीच भांडत बसतात आणि सूट वाढवून मागायला ऑफिसला फोन लावतात. चार मिनिटांत खालची ओळ बाहेर आली की नाही, हा निकाल इतका उघड असतो की निरीक्षकाला फार काही बोलावंच लागत नाही.

जुन्या लोकांचा प्रश्न खरा आहे. चर्चेचा क्रम बदला. ज्याने प्रतिनिधीचं काम केलं तो आधी स्वतः सांगतो, कुठे अडकलं ते. मग निरीक्षक फक्त ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं वाचतो, मत देत नाही. मग दुकानदार झालेला सांगतो, कोणत्या वाक्याला मनातून दार बंद झालं. 'आत्मविश्वास वाढवा' छापाचे सल्ले बंद. आणि जुन्या माणसाला पहिल्या फेरीत दुकानदार करा. वीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या सबबी तो अशा काढतो की नवख्यांची शिकवणी तिथेच होते.

काळी_कसदार

प्रसंगांच्या यादीत पहिला नंबर 'सोयाबीन उगवलं नाही' याचा ठेवा. जूनच्या शेवटी याच एका फोनवर टीमची कसोटी लागते. सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

दोन वाक्यं तोंडातून जाता कामा नयेत. एक: 'आमच्या बियाण्यात प्रॉब्लेम असूच शकत नाही.' दुसरं: 'काळजी करू नका, बदलून देतो.' पहिल्याने शेतकरी पेटतो. दुसऱ्याने कंपनीने न दिलेला शब्द कंपनीच्या नावावर चढतो, आणि मग गावातल्या प्रत्येक पिशवीची मागणी होते.

बोलायचं ते असं: 'दादा, आज दुपारी येतो. पिशवी, टॅग आणि पावती फेकू नका. उरलेलं मूठभर बियाणं असेल तर तेही ठेवा.' गेल्यावर आधी रान पाहायचं, नंतर बोलायचं. नोंदवहीत घ्यायच्या गोष्टी: वाण, लॉट नंबर, पावतीची तारीख, पेरणीची तारीख, त्याआधी आणि नंतर पाऊस किती, पेरणी कशाने (बैलाची तिफण, ट्रॅक्टरचं यंत्र की टोकण), खोली, बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाला चोळलेलं औषध) कशाची आणि कोणत्या क्रमाने, आणि शेजारच्या रानात हाच लॉट असेल तर तिथली स्थिती.

मग १ मीटर ओळीतली माती हलकेच उकरायची, निदान चार-पाच जागी. बी कुजलेलं आहे, मोड येऊन वर निघालेलं नाही, की जागेवर बीच नाही, हे वेगवेगळं मोजायचं. ४५ बाय ५ सेंटीमीटरवर पेरलं असेल तर मीटरमध्ये साधारण २० झाडं दिसायला हवीत. मोड येऊन अडकलं असेल तर बहुधा खोली जास्त गेलेली असते (३ ते ५ सेंटीमीटरच्या खाली सोयाबीनला निघवत नाही) किंवा वरून जोराचा पाऊस पडून पापडी धरलेली असते. कुजलं असेल तर ओल जास्त, बीजप्रक्रिया नाही, किंवा बियाणं मुळातच कमजोर. सोयाबीनच्या बियाचं साल पातळ असतं. गोदामात पोती आपटली, उंच थप्पी लावली, बीजप्रक्रिया करताना जोराने चोळलं, यातल्या कशानेही उगवण घसरते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधीच पेरलं असेल तर तोही मुद्दा आहे, पण तो शेतकऱ्याच्या तोंडावर पहिल्या पाच मिनिटांत फेकायचा नाही. खरा असला तरी तेव्हा तो हात झटकल्यासारखा वाटतो.

निघताना: 'मी लिहून घेतलंय. परवा संध्याकाळी ६ च्या आत फोन करतो. तुम्हाला लेखी तक्रार द्यायची असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे देता येते, तो तुमचा हक्क आहे. तालुक्याची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते.' ही माहिती लपवणारे प्रतिनिधी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, कारण शेतकऱ्याला ती दुसरीकडून कळतेच. आणि परवा फोन करायचाच. उत्तर तयार नसेल तर 'अजून आलेलं नाही, शुक्रवारी सांगतो' एवढं सांगायला करायचा. न आलेला फोन हीच पुढच्या भांडणाची सुरुवात असते.

आता यात टीम कुठे येते? शेजारच्या रानाच्या प्रश्नात. एक लॉट जिंतूरला खराब, वसमतला चांगला, तर कारण रानात किंवा पेरणीत शोधायचं. तोच लॉट तीन तालुक्यांत खराब निघाला तर कारण पिशवीत आहे, आणि उरलेला माल त्याच दिवशी दुकानांतून थांबवायला हवा. एकट्या प्रतिनिधीला हे कधीच दिसणार नाही. ११ जणांच्या नोंदी एका वहीत, एकाच रचनेत आल्या तरच दिसतं.

पेरणीआधीचा भागही संवादाचाच आहे. प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के आणि बियाणं एकरी ३० किलो हा हिशेब सांगताना घरच्या घरी चाचणीही सांगा: १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ७-८ दिवसांनी मोजायचे. ६५ निघाले तर एकरी साधारण साडेबत्तीस किलो, ६० निघाले तर ३५. हे मे महिन्यात सांगितलं तर जूनमधले निम्मे फोन वाचतील असं माझं मत.

उदगीरचा_पाहुणा

सराव पुस्तकी मराठीत घेऊ नका. 'आपली अडचण मी समजू शकतो' असं देगलूरच्या दुकानात कुणी म्हणत नाही. 'बरोबर हाय शेठ तुमचं, पुढं काय करावं ते बोलू' असं म्हणतात. 'काय करायलेत तुमचे कंपनीवाले?' या प्रश्नाला ज्या बोलीत प्रश्न आला त्याच बोलीत उत्तर गेलं पाहिजे. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, आणि नांदेड-परभणीच्या कित्येक काउंटरवर दखनी उर्दूच चालते. टीममध्ये कुणाला कोणती भाषा येते याची यादी करा. अवघड फोन आला तर ज्याला भाषा येते त्याला जोडून घ्या.

इंग्रजी संभाषणाचा विषय यातून काढून टाकला तरी काही बिघडत नाही.

हिशेबाची_वही

उधारी वसुलीवर एक वेगळा आठवडा ठेवा. इथे लोक एक तर फार मऊ बोलतात किंवा एकदम तुटून पडतात.

'शेठ, पेमेंटचं बघा जरा' या वाक्यात रक्कम नाही, तारीख नाही, माध्यम नाही. याला उत्तरही तसंच मिळतं: 'बघू की.' क्रम असा शिकवा. आधी खातं जुळवायचं: 'आमच्याकडे इतकी बाकी दिसतेय, तुमच्या वहीत किती आहे?' फरक निघाला तर तो बहुतेक वेळा स्कीमच्या न आलेल्या क्रेडिट नोटचा किंवा परत गेलेल्या मालाचा असतो. तो फरक लिहून घेऊन, उरलेल्या ज्या रकमेवर वाद नाही तेवढीच मागायची. 'वाद असलेले बाजूला ठेवू. बाकीच्यातले किती, कोणत्या तारखेला, एनईएफटी की चेक?' उत्तर आलं की गप्प बसायचं. सूट, सबब, हवामान काहीही मध्ये आणायचं नाही.

आणि दुकानाच्या पायरीवरून उतरण्याआधी दुकानदाराला व्हॉट्सॲप: 'आज ठरलं: बाकीपैकी ४०,००० रुपये, १५ तारखेला, एनईएफटी. क्रेडिट नोटचं उत्तर मी १० तारखेपर्यंत देतो.' दोन्ही बाजूंचं काम त्यात हवं. एकतर्फी निरोपाला तगाद्याचा वास येतो. १० तारीख प्रतिनिधीने चुकवली तर १५ ची अपेक्षा सोडून द्या.

याच आठवड्याला लेखा विभागातल्या माणसाला बसवा. क्रेडिट नोट कुठे अडकते हे विक्रीवाल्यांना ठाऊक नसतं, आणि दुकानात काय ऐकून घ्यावं लागतं हे लेखावाल्यांना.

लातूरकर_ताई

टीमच्या आतल्या बोलण्यावर कुणीच आलं नाही अजून.

एकच व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यात सुप्रभात, वाढदिवस, मीटिंगचे फोटो, आणि मध्येच कुठे तरी 'माल संपला' हा कामाचा निरोप बुडालेला. दोन ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, लिहिणारे दोघंच: एरिया मॅनेजर आणि डेपो. दुसरा शिवाराच्या बातमीचा, त्यात सगळे लिहितील पण ठरलेल्या साच्यात: गाव, पीक आणि वय, काय दिसलं, कोणता माल, दुकानात काय चर्चा, माझं पुढचं काम. नमुना: 'कुरुंदा, वसमत. सोयाबीन ३५ दिवस. चक्रीभुंगा, बांधाकडच्या ओळींत जास्त. दुकानात दुसऱ्या कंपनीच्या औषधाची मागणी. उद्या शेजारच्या दोन गावांत पाहतो.' व्हॉइस नोट चालेल, पण एक मिनिटाच्या आत आणि गाव-पिकाने सुरू होणारी. फोटोत पानाची खालची बाजूही हवी. नुसता रानाचा फोटो कुणाच्या कामाचा नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान आधारित कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्या दोन संध्याकाळी १० मिनिटांचा फोन ठेवा. एकाने सल्ला वाचायचा, दुसऱ्याने आपल्या भागात ते दिसतंय का ते सांगायचं, आणि उद्या सगळ्यांनी दुकानात कोणती एक गोष्ट सांगायची ते ठरवायचं. दहा मिनिटं म्हणजे दहाच. तांत्रिक शंका उरली तर तोंडापूर, सगरोळीच्या कृषी विज्ञान केंद्रांतल्या तज्ज्ञांना विचारा, अंदाज नको.

'परवा माल येतो' यावर उपाय: डेपोकडून रोज सकाळी ९ ला तीन ओळी. काय शिल्लक, काय वाटेत, काय नाही. प्रतिनिधीने शब्द द्यायचा तो या तीन ओळींतूनच. नसलेल्या मालाला 'डेपोला विचारून ४ वाजेपर्यंत सांगतो' हेच उत्तर. दुकानदार नाराज होतो तो माल नाही म्हणून कमी, आणि दुसऱ्या कंपनीचा माल घ्यायची वेळ निघून गेली म्हणून जास्त.

अजून एक. शेतकऱ्यांच्या चर्चासत्राला बायका मागे बसतात आणि सगळं बोलणं पुढच्या पुरुषांशी चालतं. उगवणीची चाचणी, बीजप्रक्रिया, निवडणं-टोकणं ही कामं कोण करतं ते बघा आणि त्या कामाची माहिती ते काम करणारीलाच द्या. 'मावशी, तुम्ही बियाणं कशात चोळता?' या प्रश्नाला जे उत्तर मिळतं ते घरच्या कारभाऱ्याकडून मिळत नाही.

कोरडवाहू

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण टार्गेट आणि इन्सेन्टिव्ह प्रत्येकाचं वेगळं असेल तर यातलं काही टिकणार नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या दुकानदाराला नांदेडही जवळ आणि परभणीही. नांदेडवाल्याने तिथे माल ढकलला तर त्याचा आकडा भरतो आणि हिंगोलीवाल्याचा रिकामा राहतो. असे दोघं शिवाराची बातमी एकमेकांना देतील? साच्यात लिहितील, पण खरी बातमी खिशातच ठेवतील.

तिफण

हरकत मान्य. तरी निष्कर्ष मान्य नाही. इन्सेन्टिव्ह बदलण्याचा अधिकार बहुतेक एरिया मॅनेजरांकडे नसतो. तोवर हात बांधून बसायचं का?

कोरडवाहू

अधिकार नसेल तर तीन गोष्टी त्याच्या हातात असतात. सीमेवरच्या दुकानांची यादी करून कोणत्या दुकानाला कोण भेटणार आणि विक्री कुणाच्या नावावर, हे फेब्रुवारीतच लेखी ठरवायचं. तिन्ही जिल्ह्यांत स्कीम एकाच दिवशी, एकाच शब्दांत सांगायची; स्कीममधल्या फरकावरच माल इकडून तिकडे पळतो. आणि महिन्याच्या बैठकीत विक्रीच्या आकड्याआधी विचारायचं, 'या महिन्यात कुणाच्या बातमीचा तुला उपयोग झाला?' ज्याचं नाव येईल त्याचं कौतुक सगळ्यांसमोर. वरिष्ठांना पटलं तर इन्सेन्टिव्हच्या १०० पैकी ३० टीमच्या एकत्रित वसुलीवर बांधा. विक्रीवर बांधू नका. नाही तर सगळे मिळून दुकानं भरतील आणि ऑगस्टमध्ये सगळे मिळून माल परत उचलतील.

मांजराकाठ

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे 🙂

गोदाकाठ

वरिष्ठ विचारतील, 'याने विक्री किती वाढली?' काय मोजावं?

हिशेबाची_वही

फक्त विक्री मोजलीत तर फसाल. जूनमध्ये पावसाने ओढ दिली तर उत्तम बोलणाऱ्याचाही आकडा पडतो. चांगला पाऊस झाला तर कसाही बोलणारा तरतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या मांडल्या. लोकांना कसं वाटलं, काय शिकले, वागणं बदललं का, निकाल काय लागला. पहिल्या पातळीचा फॉर्म भरून घेऊन सगळे थांबतात. तुम्ही पहिली पातळी सोडलीत तरी चालेल.

दुसरीसाठी: महिन्यातून एकदा, न सांगता, प्रत्येकाला फोन करून तक्त्यातले तेच पाच प्रश्न. ११ जणांची उत्तरं शेजारी मांडा. किती प्रश्नांना सगळ्यांचं उत्तर एकच आलं, हा आकडा. सुरुवातीचा आकडा प्रशिक्षणाआधी घेऊन ठेवा, नंतर तुलना करायला काही उरत नाही. तिसरीसाठी: पुन्हा एक दिवस सोबत फिरून तोच सहा रकान्यांचा कागद. चौथीसाठी: दुरुस्त कराव्या लागलेल्या ऑर्डर किती, तक्रारीला पहिली भेट २४ तासांत किती वेळा, ठरल्या तारखेला आलेली रक्कम किती, सीझननंतर परत आलेला माल किती. हे चारही आकडे डेपो आणि लेखा विभागाकडे आधीच असतात, नुसते कुणी मागत नाही.

गोदाकाठ

ठीक. हॉटेलचा दिवस रद्द. फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे सोबत फिरणं आणि पाच प्रश्नांचा पहिला फोन. मग आठ गुरुवार: एकरी मात्रा आणि परत वदवून घेणं (दोन गुरुवार), लपलेली अडचण शोधणारे प्रश्न (दोन), उगवणीची तक्रार (दोन), वसुली (एक), साचा आणि डेपोचा निरोप (एक). एक शंका: मे-जूनमध्ये गुरुवार बंद पडणार. तेव्हा काय?

काळी_कसदार

तेव्हा नवीन काही शिकवू नका. मंगळवार-शुक्रवारचा १० मिनिटांचा फोन आणि तक्रारींची वही एवढंच चालू ठेवा. साचा आणि डेपोचा निरोप मात्र शेवटच्या गुरुवारी ढकलू नका, पहिल्याच गुरुवारी घ्या, म्हणजे मे येईपर्यंत त्याची सवय झालेली असेल. आणि वहीच्या पहिल्या पानावर लॉट नंबरनुसार अनुक्रमणिका करा. तारखेनुसार लिहिलेल्या वहीत तीन तालुक्यांचा एकच लॉट शोधायला अख्खी दुपार जाते.